गावाजवळ नवीन धरणाला ‘मंजुरी’ मिळाली? शेतीचा निर्णय घेण्यापूर्वी कोणती मंजुरी ते तपासा

‘आपल्या नदीवरच्या धरणाला मंजुरी मिळाली’ अशी बातमी आली की गावात दोन गोष्टी लगेच सुरू होतात. खालच्या अंगाच्या गावांत जमिनीचे भाव वाढतात आणि काही जण कर्ज काढून फळबाग किंवा उसाची तयारी करतात. वरच्या अंगाच्या गावांत ‘आता सगळे बुडणारच’ म्हणून विहिरीची दुरुस्ती, बांधबंदिस्ती आणि नवीन लागवड थांबते. दोन्ही ठिकाणी नुकसान होते, कारण ‘मंजुरी’ हा एक कागद नाही. नवीन धरणाला अनेक वेगवेगळ्या मान्यता लागतात. त्या वेगवेगळ्या कार्यालयांतून मिळतात आणि पहिल्या व शेवटच्या मान्यतेत कित्येक वर्षांचे अंतर पडू शकते.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण पहा. १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला आणि पुढे त्याचा सुधारित खर्च १८ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. पहिल्या मान्यतेच्या वर्षी जन्मलेली मुले मोठी होऊन स्वतः शेती पाहू लागली, तरी कालव्यांची कामे चालूच होती. म्हणून कोणती मान्यता झाली, कोणती बाकी आहे आणि त्या टप्प्यावर आपण काय करायचे, हे माहीत असणे गरजेचे आहे.

सर्वप्रथम : आपली जमीन कोठे येते?

कोणत्याही धरणात शेतकऱ्यांचे चार गट पडतात. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो.

- बुडीत क्षेत्र : जलाशयाच्या पूर्ण संचय पातळीखाली येणारी जमीन व घरे.
- धरण व कालव्याच्या कामाची जागा : भिंत, सांडवा, कालवे, वितरिका, रस्ते आणि माती-मुरमाच्या खाणी. यात एखाद्याची पट्टीच जाते आणि शेताचे दोन तुकडे होतात.
- लाभक्षेत्र : कालव्याचे किंवा उपसा सिंचनाचे पाणी मिळणारी जमीन.
- धरणाखालचा नदीकाठ : आज नदीवरून मोटारीने पाणी घेणारे शेतकरी. धरण झाल्यावर नदीचा प्रवाह बदलतो, पण हा गट बहुतेक वेळा चर्चेतच येत नाही.

प्रकल्पाच्या अहवालात बुडीत गावांची व लाभक्षेत्रातील गावांची यादी असते. ती ऐकीव माहितीवर न ठेवता कागदावर मिळवावी.

प्रकल्प लहान की मोठा?

मान्यतेचा मार्ग प्रकल्पाच्या आकारावर ठरतो. सिंचनयोग्य लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असेल तर लघु, २,००० ते १०,००० हेक्टर असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर मोठा प्रकल्प धरला जातो. महाराष्ट्रात १०० हेक्टरपर्यंतच्या योजना जिल्हा परिषदेकडे आणि त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतच्या राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे असतात. त्याहून मोठे प्रकल्प जलसंपदा विभाग आणि त्याच्या पाटबंधारे विकास महामंडळांकडे जातात. त्यामुळे माहिती मागण्यापूर्वी प्रकल्प कोणाकडे आहे ते आधी पहावे.

टप्पा १ : पाण्याचा हिशेब

धरणाची पहिली मान्यता ही पाण्याची असते. त्या ठिकाणी पाणलोटातून किती येवा येतो, वर आधी किती बंधारे व तलाव आहेत आणि खाली कोणाचा हक्क आहे, हे तपासून ‘पाणी उपलब्धता प्रमाणपत्र’ दिले जाते. हे काम नाशिक येथील जलविज्ञान कार्यालयाकडे असते. मोठ्या व मध्यम सिंचन प्रकल्पासाठी सर्वसाधारणपणे ७५ टक्के विश्वासार्हता धरतात. याचा साधा अर्थ असा की, शंभर वर्षांपैकी सुमारे ७५ वर्षे तेवढे किंवा त्याहून जास्त पाणी यायला हवे. म्हणजेच नियमाप्रमाणे बांधलेले धरणही दर चार वर्षांतून एखादे वर्ष पूर्ण भरणार नाही, हे गृहीत धरलेले असते. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याने बारमाही पिकाचा विचार करताना हा आकडा विसरू नये.

नदी आंतरराज्यीय असेल तर लवादाची मर्यादा येते. कृष्णा खोऱ्यात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले. नवीन धरण अशा वाट्यात बसवून दाखवावे लागते. आंतरराज्यीय नद्यांवरील मोठे व मध्यम प्रकल्प केंद्रीय जल आयोगाच्या छाननीसाठीही जातात.

याशिवाय महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ नुसार नवीन प्रकल्प एकात्मिक राज्य जल आराखड्याशी सुसंगत आहे का आणि तो आर्थिक, जलशास्त्रीय व पर्यावरणीय दृष्टीने योग्य आहे का, हे प्राधिकरणाने तपासायचे असते.

टप्पा २ : तांत्रिक छाननी व प्रशासकीय मान्यता

सर्वेक्षण, पायाची भूगर्भीय तपासणी, संकल्पचित्रे, पीकरचना आणि खर्चाचा अंदाज मिळून सविस्तर प्रकल्प अहवाल तयार होतो. यात लाभ-व्यय गुणोत्तर काढतात. साधारणपणे ते १.५ अपेक्षित असते. अवर्षणप्रवण भागात १ पर्यंत चालते. त्यानंतर शासन किंवा महामंडळ ‘प्रशासकीय मान्यता’ देते.

बातमीत येणारी ‘मंजुरी’ बहुतेक वेळा हीच असते. तिचा अर्थ एवढाच की शासनाने प्रकल्प आणि त्याचा अंदाजित खर्च तत्त्वतः स्वीकारला. पैसे मिळाले, जमीन मिळाली किंवा पर्यावरणाची परवानगी मिळाली असा तिचा अर्थ नाही. पुढे खर्च वाढला की ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ घ्यावी लागते. त्यात पुन्हा वेळ जातो.

या अहवालातील पीकरचना शेतकऱ्याने जरूर पहावी. अनेक प्रकल्प आठमाही सिंचनावर आखलेले असतात, म्हणजे पाणी खरीप व रब्बीसाठी धरलेले असते. अशा लाभक्षेत्रात उन्हाळी आवर्तनाच्या भरवशावर ऊस किंवा केळी लावणे धोक्याचे ठरते. पिण्याच्या व उद्योगाच्या पाण्याचे आरक्षण किती आहे, हेही त्याच ठिकाणी कळते.

टप्पा ३ : पर्यावरण मान्यता आणि जनसुनावणी

केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्प येतात. सुरुवातीला १०,००० हेक्टर व त्यावरील लाभक्षेत्राचे प्रकल्प केंद्राकडे जात. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५०,००० हेक्टर झाली. त्याखालचे प्रकल्प राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे जातात आणि लहान प्रकल्पांना सूट आहे.

ज्या प्रकल्पांना संपूर्ण मूल्यांकन लागते त्यांची जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. तिचे नियम लक्षात ठेवा :

- किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका स्थानिक भाषेतील दैनिकात सूचना द्यावी लागते.
- अहवालाचा मसुदा व त्याचा सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहायला मिळतो.
- सुनावणी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी घेतो.
- गणपूर्तीची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी होते. न जाऊन ती थांबत नाही, फक्त आपले म्हणणे नोंदले जात नाही.
- कामकाजाचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते.

सुनावणीला बोलणे म्हणजे विरोध करणेच असे नाही. बुडीत क्षेत्रातील गुरांची वाट, गायरान, मंदिर-स्मशानभूमी, पलीकडच्या शेतात जाण्याचा रस्ता, धरणाखाली उन्हाळ्यात सोडायचे पाणी, काळ्या जमिनीत कालव्याच्या पाझराने होणारे पाणथळ क्षेत्र हे मुद्दे इथेच मांडावेत. तोंडी बोलावे आणि तेच लेखी देऊन पोच घ्यावी. लेखी मुद्द्याला प्रकल्प यंत्रणेला उत्तर द्यावे लागते.

पर्यावरण मान्यता मिळाल्यावर ती अटींसह येते. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. योग्य कारण असेल तर आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो. महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे.

टप्पा ४ : वनजमीन व वन्यजीव

जलाशयात वनजमीन बुडणार असेल तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. ती दोन पायऱ्यांत मिळते. पहिली तत्त्वतः मान्यता. तिच्या अटी पूर्ण झाल्यावर दुसरी, अंतिम मान्यता. अटींमध्ये पर्यायी वनीकरणासाठी जमीन देणे आणि वनाच्या निव्वळ वर्तमान मूल्याची रक्कम भरणे हे मुख्य असते. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव मंडळाची परवानगी वेगळी.

हा टप्पा अनेक प्रकल्पांत अडतो. चंद्रपूर जिल्ह्यातील हुमण प्रकल्प वनक्षेत्राच्या प्रश्नामुळे दशकानुदशके रखडला. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम वनमान्यता नसताना सुरू झाले, तेव्हा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवले. ‘तत्त्वतः वनमान्यता मिळाली’ ही बातमी म्हणजे अर्धीच वाट आहे, हे यावरून समजावे.

वनजमीन कसणाऱ्या बांधवांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील आपला वैयक्तिक व सामूहिक दावा आधी पूर्ण करून घ्यावा. दावा मान्य असेल तर भरपाई व पुनर्वसनात आपली बाजू भक्कम राहते. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय आवश्यक आहे. गावापुरता लहान पाणीसाठा करायचा असेल तर मात्र मार्ग सोपा आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडे या मर्यादेत, ग्रामसभेच्या शिफारशीने अशा कामाला जमीन देता येते.

टप्पा ५ : भूसंपादन

खासगी जमिनीसाठी २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आहे. त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे : ज्या सिंचन प्रकल्पाला पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन करावे लागते, त्याला या कायद्यातील सामाजिक परिणाम मूल्यांकनाची तरतूद लागू होत नाही. म्हणजे अशा ठिकाणी सर्वांसमोर म्हणणे मांडण्याची मोठी संधी वर सांगितलेली जनसुनावणीच असते. ती चुकवू नये.

पुढील कलमे पाठ असावीत :

- कलम ११ : प्राथमिक अधिसूचना. त्यानंतर जमिनीची खरेदी-विक्री किंवा तिच्यावर नवीन बोजा चढवता येत नाही.
- कलम १५ : अधिसूचनेनंतर ६० दिवसांत लेखी हरकत. क्षेत्र चुकले, विहीर धरली नाही, नाव चुकले हे सर्व इथे सांगावे.
- कलम १९ : अंतिम घोषणा.
- कलम २३ : निवाडा.
- कलम ६४ : निवाडा मान्य नसेल तर वाढीव मोबदल्यासाठी अर्ज. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी आधी संपेल ती मुदत.

मोबदला कसा काढतात? समजा, जमिनीचा बाजारभाव हेक्टरी २० लाख रुपये ठरला आणि गुणक २ लागला. (ग्रामीण भागात गुणक १ ते २ असतो. आपल्या प्रकल्पाला कोणता लागू आहे ते विचारावे.) २० × २ = ४० लाख. विहीर, झाडे, पाइपलाइन यांचे मूल्य ४ लाख धरले तर ४४ लाख. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम म्हणजे आणखी ४४ लाख, एकूण ८८ लाख. शिवाय मूळ बाजारभावावर ठरावीक तारखेपासून निवाड्यापर्यंत वार्षिक १२ टक्के. एक वर्ष गेले तर २ लाख ४० हजार रुपये. एकूण ९० लाख ४० हजार.

यात सर्वांत महत्त्वाचा आकडा पहिला, म्हणजे बाजारभाव. तो ठरवताना परिसरातील आधीच्या तीन वर्षांची खरेदीखते पाहतात. मुद्रांक वाचवण्यासाठी कमी किंमत लिहिलेले एक खरेदीखत पुढे सगळ्या शिवाराचा मोबदला खाली ओढू शकते.

थेट खरेदीने जमीन देण्याचा पर्यायही असतो. त्यात पैसे लवकर मिळतात, पण नंतर कलम ६४ प्रमाणे वाढीव मोबदला मागण्याची वाट राहत नाही. सही करण्यापूर्वी वरचा हिशेब स्वतः मांडून पहावा.

टप्पा ६ : पुनर्वसन

याच कायद्यात सिंचन प्रकल्पासाठी खास तरतुदी आहेत. जमीन गेलेल्या कुटुंबाला शक्यतो लाभक्षेत्रात किमान एक एकर जमीन द्यायची आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या खातेदाराला गेलेल्या जमिनीइतकी किंवा अडीच एकर, यांपैकी कमी असेल ती. जलाशयात मासेमारीचा हक्क देता येतो. जमीन बुडण्याच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण झाले पाहिजे. जमीन नावावर नसलेले शेतमजूर, कूळ व कारागीरही तीन वर्षांपासून तेथेच उपजीविका करत असतील तर बाधित कुटुंबात धरले जातात. त्यांची नावे यादीत आहेत का, हे गावाने पहावे.

लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांसाठीही एक सूचना. राज्याचा प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा १९९९ चा कायदा लागू झालेल्या ठिकाणी लाभक्षेत्रातील जमिनीच्या हस्तांतरणावर व वाटणीवर निर्बंध येतात आणि मोठ्या खातेदारांची काही जमीन धरणग्रस्तांसाठी घेतली जाऊ शकते. लाभक्षेत्रात जमीन विकत घेण्यापूर्वी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात पुनर्वसनाचा शेरा आहे का ते पहावे.

टप्पा ७ : सुरक्षितता आणि घळभरणी

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच सर्व धरणांना आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. पहिल्यांदा पाणी भरण्यापूर्वी तपासणी आणि आपत्कालीन कृती आराखडा आवश्यक आहे. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली. ते मोठे धरण नव्हते. म्हणून धरणाखालच्या गावांनी हा आराखडा ग्रामपंचायतीत मागून घ्यावा.

नदीचे पात्र अडवण्याच्या शेवटच्या कामाला घळभरणी म्हणतात. घळभरणी झाली की पुढच्या पावसात पाणी चढते. त्याआधी मोबदला व पुनर्वसन पूर्ण झाले नसेल, तर नंतर गावाच्या हातात फारसे उरत नाही.

मग शेतीचे नियोजन कसे करावे?

- फक्त प्रशासकीय मान्यता झाली असेल : बुडीत व लाभक्षेत्र दोन्हीकडे नेहमीची शेती चालू ठेवावी. विहीर, ठिबक, शेततळे यांची कामे थांबवू नयेत. धरणाच्या पाण्यावर अवलंबून कर्ज काढू नये.
- पर्यावरण व अंतिम वनमान्यता झाली असेल : बुडीत क्षेत्रात संत्रा, आंबा अशा अनेक वर्षांच्या नवीन बागा लावताना विचार करावा. हंगामी पिके चालू ठेवावीत. विहीर, कूपनलिका, फळझाडे, पाइपलाइन यांच्या नोंदी सातबाऱ्यावर करून घ्याव्यात आणि ई-पीक पाहणी दर हंगामात भरावी.
- कलम ११ ची अधिसूचना निघाली असेल : वारस नोंदी, वाटणी व मोजणीच्या चुका आधी दुरुस्त नसतील तर लगेच लेखी हरकत घ्यावी. मयत वडिलांच्या नावावर राहिलेला सातबारा हे मोबदला अडकण्याचे नेहमीचे कारण आहे.
- घळभरणी होऊन कालव्याची चाचणी झाली असेल : लाभक्षेत्रात पीक बदलाचा विचार आता करावा. आपल्या वितरिकेवर प्रत्यक्ष पाणी आले आणि पाणी वापर संस्था उभी राहिली, मग बारमाही पिकाचा निर्णय घ्यावा.

कागद कोठे मिळतील?

पर्यावरण, वन व वन्यजीव मान्यतेचे प्रस्ताव केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्पाच्या नावाने शोधता येतात. प्रशासकीय मान्यतेचे शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर असतात. बाकीची माहिती माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागावी. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित आहे. अर्जात पाच गोष्टी नेमक्या लिहाव्यात : पाणी उपलब्धता प्रमाणपत्र, प्रशासकीय मान्यतेची प्रत, पर्यावरण मान्यता व तिच्या अटी, वनमान्यतेची दोन्ही पत्रे, आणि गटनंबरनिहाय बुडीत व लाभक्षेत्राची यादी.

अर्ज एकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करून करावा आणि आलेले कागद ग्रामपंचायतीत सर्वांसाठी ठेवावेत. पुढच्या वेळी कोणी ‘धरण मंजूर झाले’ असे सांगितले, तर ‘कोणती मान्यता, कोणत्या तारखेची, प्रत कोठे आहे?’ हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाल्यावरच शेतातला पुढचा खर्च करावा.